नागपूरच्या सशुल्क वृद्धाश्रमात वडिलांची हेळसांड होऊन शय्याव्रणे (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) झाली. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावातून दाद मागता येईल का?

होय, तुम्ही यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार करू शकता, कारण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगालाही ती ऐकण्याचा अधिकार आहे आणि केवळ तक्रार दाखल करण्यासाठी नागपूरला हेलपाटे घालावे लागत नाहीत. प्रवेशाच्या वेळी ‘आम्ही जबाबदार नाही’ अशा कागदावर सही घेतली असली, तरी तेवढ्याने संस्था निष्काळजीपणातून सुटत नाही. त्या सहीला घाबरून गप्प बसू नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, म्हणून ती बदलल्याच्या नोंदी संस्थेकडे लेखी मागा. त्या नसतील तर तेही तुमच्या बाजूने बोलते. जखमांचे तारखेसह फोटो, शुल्काच्या पावत्या आणि रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. मात्र संस्था सर्वांनाच पूर्णपणे मोफत ठेवत असेल, तर हा मार्ग सहसा बंद होतो आणि भरपाईसाठी दिवाणी दावा करावा लागतो.