स्लो कुकरमध्ये जेवण प्रमाणाबाहेर शिजतंय? घेताना हे बघा

स्लो कुकर, म्हणजे तासन् तास मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं, 'लो'वर लावून दहा तास बाहेर, परत आल्यावर मांस कडेने करपलेलं आणि भाज्यांचा लगदा. घरात माणसं दोन आणि कुकर सहा लिटरचा. मग नवा कुकर घेताना काय बघायचं, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे.

लो आणि हाय ही दोन वेगळी तापमानं असावीत असं वाटतं. बहुतेक कुकरमध्ये तसं नसतं. दोन्ही शेवटी उकळीच्या जवळपासच पोचतात, लोवर फक्त तिथवर जायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे सहा तासांत होणारा पदार्थ लोवर दहा तास ठेवला, तर वरचे चार तास तो नुसता रटरटत राहतो.

त्यात भांडं तळाशीच भरलेलं असेल तर आणखी लवकर करपतं. यातली तापणारी तार सहसा भांड्याच्या भिंतीभोवती असते, म्हणून भांडं निम्मं ते दोन तृतीयांश भरलेलं हवं. दोघांसाठी तीन लिटरचा पुरे. पाहुण्यांसाठी म्हणून मोठा घेण्याचा मोह मलाही झाला होता. त्या कुकरची एकच बाजू जास्त तापायची. दर वेळी बटणांच्या समोरच्या भिंतीला तपकिरी पट्टा, आणि तो घासताना माझा जीव जायचा.

मी सगळ्यात जास्त महत्त्व देईन ते टायमरला. ठरलेला वेळ संपला की आपोआप 'वॉर्म'वर जाणारा कुकरच घ्या. वॉर्मवर अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर राहतं, पण शिजणं जवळजवळ थांबतं. नुसत्या गोल खटक्याचा कुकर तुम्ही येईपर्यंत तापतच राहणार. त्याला स्मार्ट प्लग (ठरल्या वेळी वीज चालू-बंद करणारा प्लग) लावून उशिरा सुरू करायची युक्ती बरेच जण सांगतात. कच्चं मांस तासन् तास तसंच पडून राहतं, तेव्हा ती नकोच.

काही महाग कुकरबरोबर मांसात खुपसायची तापमापक सळई येते. अख्खी कोंबडी करत असाल तर ती कामाची, आतलं तापमान ७४ अंश झालं की कुकर स्वतःच वॉर्मवर जातो. चिवट मांसाला तिचा फारसा उपयोग नाही. त्यातले तंतू विरघळायला तास द्यावेच लागतात. उलट कोंबडीच्या छातीचे तुकडे दोन-तीन तासांत होतात, त्यांना दहा तास कुठलाही कुकर सांभाळणार नाही.

कुकर आणलात की पहिल्याच सुट्टीला भांडं निम्म्याच्या वर पाण्याने भरा, झाकण लावून लोवर आठ तास ठेवा, मग झाकण उघडताक्षणी तापमान मोजा. साधारण ८५ ते ९३ अंश आलं तर उत्तम. माझ्या त्या मोठ्या कुकरचं ९७ आलं, दुसऱ्या दिवशी परत केला. पण फार कमी तापणाराही नको. राजमा तर कुठल्याही कुकरमध्ये टाकण्याआधी गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळा, मंद आचेवर त्यातलं विष जात नाही.

आणि लगेच पैसे घालवायचे नसतील तर आहे त्याच कुकरमध्ये, तळाशी थोडं पाणी घालून, एक छोटं उष्णतारोधक भांडं ठेवा आणि त्यात शिजवा. कडा करपणं तरी थांबेल.