वाचकांचे प्रश्न : दगड एकच, माती दोन

जमिनीविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्याच आधाराने द्यावी लागतात.

प्रश्न : माझे माहेर बार्शी तालुक्यातले आणि सासर लांज्याजवळचे. माहेरची जमीन काळीभोर, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडणारी. सासरी तांबडा जांभा आणि कातळाचे सडे. मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात मात्र दोन्हीकडचा मूळ खडक बेसाल्टच दिला आहे. मग मातीत एवढा फरक कसा? – एक वाचिका, लांजा

उत्तर : पुस्तकातले विधान बरोबर आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर पडला आणि त्याचे थर एकावर एक साचत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, पसरलेला आहे. बार्शीकडे विहिरीत सुरुंग लावून जो फोडावा लागतो तो दगड आणि लांज्याच्या जांभ्याखाली खोलवर लागतो तो दगड एकाच कुळातले आहेत. फरक पडला तो त्यांच्यावर किती पाऊस पडला यामुळे, आणि त्याहूनही अधिक, ते पाणी खडकातून झिरपताना काय काय घेऊन गेले यामुळे.

पावसाचे पाणी आपल्याला शुद्ध वाटते, पण ते हवेतला आणि विशेषतः मुळांच्या श्वसनाने मातीत साठलेला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. बेसाल्टमध्ये वजनाने जवळपास निम्मी सिलिका, म्हणजे वाळूतले मुख्य द्रव्य, असते. शिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम ही मूलद्रव्ये निरनिराळ्या खनिजांत बांधलेली असतात. हे सौम्य आम्ल त्या खनिजांची जोडणी सोडवते. यालाच रासायनिक विदारण म्हणतात, आणि सोडवलेल्या घटकांपैकी कोणते जागेवर राहतात व कोणते वाहून जातात यावर मातीची जात ठरते.

आपल्या माहेरी वर्षाला साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यानंतर सात-आठ महिने कोरडे जातात. एवढ्या पाण्यात सिलिका आणि मॅग्नेशियम पुरते धुऊन जात नाहीत. उरलेल्या घटकांपासून स्मेक्टाइट नावाचा चिकणमातीचा प्रकार तयार होतो. त्याचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या चवडी असतात. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मधे शिरते आणि माती फुगते, पाणी आटले की ती आक्रसते. भेगा पडतात त्या यामुळे. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती या भेगांत पडते, पावसाळ्यात जमीन फुगून खालची माती वर ढकलली जाते, आणि काळी जमीन स्वतःच स्वतःची उलथापालथ करत राहते. पुरते निघून न गेलेले कॅल्शियम खालच्या थरात चुनखडीचे पांढरे खडे होऊन बसते. नांगराला लागून ते वर आलेले आपण माहेरी पाहिले असतीलच.

लांज्याला मात्र चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. एवढे पाणी लाखो वर्षे मुरत राहिले की आधी कॅल्शियम आणि सोडियम जातात, मग मॅग्नेशियम, आणि शेवटी सिलिकासुद्धा बरीचशी निघून जाते. मागे राहतात ती न विरघळणारी लोहाची व अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे. लोहाला गंज चढल्यावर जो रंग येतो तोच जांभ्याचा रंग आहे. चिऱ्याच्या खाणीवर उभे राहिल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात येते. खालून नुकताच काढलेला चिरा ओलसर आणि इतका मऊ असतो की त्याला सहज घडवता येते, आणि तोच बाहेर रचून ठेवला की वाळून टणक होतो, कारण त्यातली लोहाची संयुगे पाणी सोडून घट्ट स्फटिकरूप घेतात. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने केरळातल्या अंगाडिपुरम येथे असाच दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली, विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून, त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. कोकणातल्या गवंड्यांना ही गोष्ट त्याच्या आधीपासून ठाऊक होती, एवढे मात्र नोंदवायला हवे.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय द्रव्य, असे समजले जाते. प्रत्यक्षात आपल्या काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब पुष्कळदा एक टक्क्याहूनही कमी भरतो. जो थोडा असतो तो चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून त्यांना काळे करतो, आणि बेसाल्टमधील काळ्या लोहखनिजाचाही रंगाला हातभार लागतो. काळ्या जमिनीचे खरे बळ पाणी धरून ठेवण्यात आहे. ज्वारीसारखे रब्बीचे पीक पाऊस संपल्यावर केवळ साठलेल्या ओलीवर निघते ते त्यामुळेच. जांभा याच्या अगदी उलट वागतो. तो सच्छिद्र असल्याने जुलैत भरलेली विहीर मार्च-एप्रिलमध्ये तळ दाखवू लागते, आणि ३००० मिलिमीटर पावसाच्या गावात हंडे घेऊन फिरावे लागते.

मात्र सगळा हिशेब पावसावरच टाकू नये. आपल्या माहेरच्या एकाच शिवारात टेकडीच्या माथ्यावर वीतभर मुरमाड बरड, उतारावर मध्यम आणि ओढ्याकाठी दोन पुरुष खोल भारी जमीन सापडेल. या तिन्ही ठिकाणी पाऊस सारखाच पडतो; पण माथ्यावर तयार झालेली बारीक माती उतारावरून खाली जाते आणि तळाशी साचते. खालची भारी जमीन बऱ्याच अंशी वरच्या बरडाचेच देणे आहे.

प्रश्न : आमच्या विहिरीचे खोदकाम चालू असताना बारा-तेरा फुटांवर मुरमात गोल गोल दगड लागले. गावातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की पूर्वी तेथून नदी वाहत होती. हे संभवते का? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : आपण सोबत पाठवलेल्या छायाचित्रावरून ते नदीतले गोटे दिसत नाहीत. लाव्हा थंड होताना आक्रसला तेव्हा खडकात आडव्या-उभ्या सांध्यांचे जाळे पडले आणि त्याचे ठोकळे झाले. पाणी सांध्यांतून शिरते. ठोकळ्याच्या पृष्ठावर ते एका बाजूने, कडेवर दोन बाजूंनी आणि कोपऱ्यावर तीन बाजूंनी काम करते; म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनी ठोकळा जागच्या जागी गोल होत जातो. अशा दगडावर कांद्यासारखे पापुद्रे असतात. एक दगड हातात घेऊन नखाने वरचा पापुद्रा सोलून पाहा. दोन-चार पापुद्रे भुगा होऊन निघतील, आणि मध्यभागी घणाखाली खणखणीत वाजणारा काळा गाभा लागेल. नदीचा गोटा घासून गुळगुळीत झालेला असतो, त्याला पापुद्रा नसतो, आणि त्याच्या शेजारी वाळू व निरनिराळ्या जातींचे गोटे मिसळलेले असतात. आपल्या विहिरीत दिसतो आहे तो खडकाची माती होण्याच्या वाटेवरचा अर्धा टप्पा. मुरूम म्हणजे दुसरे काही नाही.

प्रश्न : मोठ्या पावसात शेतातून चहासारखे पाणी वाहते. यात किती माती जाते, आणि तलावातला गाळ आणून टाकला तर ती भरून निघते का? – एक शेतकरी वाचक, जामखेड

उत्तर : १९८३ साली मांडलेल्या अंदाजानुसार भारतात दर हेक्टरी दर वर्षी सरासरी १६ टनांहून अधिक माती धुपते. हा आकडा मोठा वाटतो; पण हेक्टरभर जमिनीवरचा एक मिलिमीटर थर म्हणजे दहा घनमीटर, साधारण १३ टन माती. म्हणजे वर्षाचे नुकसान चार-पाच पोस्टकार्डे एकावर एक ठेवल्यावर होईल तेवढ्याच जाडीचे असते. डोळ्यांना ते दिसत नाही आणि म्हणूनच टिकून राहते. खडकापासून एक सेंटीमीटर माती व्हायला मात्र शेकडो वर्षे लागतात. उतारावर आडवी पेरणी आणि धडाचे बांध यांना म्हणूनच पर्याय नाही.

गाळाविषयी. पाणी आधी बारीक कण उचलते, ते जड कणांच्या मानाने दूर जातात आणि तलावात बसतात. त्यामुळे गाळात चिकणमातीचे प्रमाण मूळ शेतापेक्षा पुष्कळदा जास्त असते. २०१७ साली राज्यात सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमागचा विचार हाच आहे. हलक्या, मुरमाड जमिनीत असा गाळ मिसळला तर तिची ओल धरण्याची ताकद वाढते. भारी काळ्या जमिनीत टाकल्यास मात्र आधीच मंद असलेला निचरा आणखी बिघडतो आणि वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, लांबतो. आपल्या रानातली मूठभर माती ओली करून मळा आणि अंगठा व बोट यांच्यामध्ये दाबत तिची पट्टी काढून पाहा. पट्टी धरण्याआधीच तुटत असेल तर गाळ जरूर आणावा. दोन इंच लांब पट्टी न तुटता निघत असेल तर गाळाची ट्रॉली शेजाऱ्याच्या बरड तुकड्याकडे वळवावी.