स्टँड नंतर, आधी कार्डावरची बाकी

एका वाचकाचं पत्र आहे. सायकल कार्बन फ्रेमची, देखभाल यापुढे घरीच करायची. प्रश्न असा, की सायकल पकडीत धरून उंच टांगणारा महागडा दुरुस्ती-स्टँड घ्यावा, की नुसतं मागचं चाक उचलून धरणारा साधा? महागडा साध्याच्या पाचपट किमतीला आहे, पण क्रेडिट कार्डावर बारा 'बिनव्याजी' हप्त्यांत मिळतोय आणि सर्व्हिसिंगचे पैसे वाचून दोन वर्षांत वसूल होईल, असा त्यांचा हिशोब. मग जाता जाता एक वाक्य: "विम्याचे हप्ते कार्डावर भरत आल्यामुळे थोडी बाकी आहे, पण किमान रक्कम दरमहा न चुकता भरतो. मुदत ठेव आहे, पण ७ टक्के मिळतात म्हणून मोडायची नाही."

ही थोडी बाकी, तुम्हीच दिलेल्या आकड्यांनुसार, महागड्या स्टँडच्या आठपट आहे. व्याज महिन्याला ३ टक्के. तेव्हा स्टँडचं मागाहून बघू.

बाकी १०० धरा. किमान रक्कम ५ टक्के, म्हणून ५ भरले. त्यातले ३ व्याजात गेले, मुद्दल २ ने उतरलं. असं वर्षभर न चुकता केलंत, की खिशातून जातात साधारण ५४ आणि डोक्यावर उरतात ७८. म्हणजे मुद्दल उतरलं २२ ने, भरलेल्यातले उरलेले ३२ व्याज. तुमच्याच मापात सांगायचं तर वर्षाला अडीच महागडे स्टँड तुम्ही कार्डवाल्या बँकेला घेऊन देताय, आणि मला विचारताय की एक परवडेल का!

त्यात आणखी हप्ते नकोत. 'बिनव्याजी'मध्ये बहुधा प्रक्रिया शुल्क असतं, रोखीची सवलत जाते ती वेगळीच. शिवाय मागची बाकी असेल तर बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. किराणासुद्धा व्याजाने येतोय, हे लक्षात आलं होतं का?

आता ती पॉलिसी. वीस वर्षांची, बचत आणि विमा एकत्र, तीन हप्ते भरून झालेले. कव्हर वर्षाच्या कमाईच्या दीडपट. "कार्डावर भरा, पॉइंट मिळतील," हा सल्लाही विकणाऱ्याचाच. शाबास त्याची. पॉइंट मिळतात एकदाच, फार तर टक्काभर; व्याज दर महिन्याला. अशा पॉलिसीतून शेवटी हाती येतात वर्षाला ५-६ टक्के, तेही पूर्ण मुदत टिकलात तर. आणि ती चालवायला तुम्ही ३६ टक्क्यांनी पैसे उचलताय. तुमच्या कमाईवर घरातली तीन माणसं आहेत, तुमच्यामागे त्यांना दीड वर्ष पुरेल एवढी तरतूद आहे. मी तरी याला विमा म्हणणार नाही.

कमाईच्या दहा-बारापट साधा मुदत विमा (टर्म; नुसता विमा, बचत नाही) घ्या. तो मंजूर होऊन हातात पडल्यावरच जुन्या पॉलिसीला हात लावा. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज बंद केली तर किती मिळतील, आणि पुढचे हप्ते न भरता पेड-अप ठेवली तर मुदतीअखेर किती. भरलेलं बुडेल या धास्तीने पुढचे सतरा भरत बसू नका.

ठेव मात्र याच आठवड्यात मोडा. ती बाकीच्या दुप्पट आहे, म्हणजे अर्धीच लागेल. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज टक्काभर कमी मिळेल, मिळू दे. ७ टक्के कमावण्यासाठी ३६ टक्के भरणं याला बचत म्हणत नाहीत. कार्ड कोरं झालं, की आज किमान रकमेत जाणारा पैसा मोकळा होतो. अडीच महिन्यांत तो महागड्या स्टँडइतका साठेल. आधी ठेव पुन्हा भरा असं मी म्हणेन, पण तेवढी हौस चालेल.

तर स्टँड. तूर्त साधाच घ्या. चेन धुणं, तेल देणं, गिअर जुळवणं यासाठी मागचं चाक अधांतरी फिरलं की काम भागतं. आसाला धरणारा बघा, फ्रेमच्या नळ्यांवर दाबणारा नको. थ्रू-ॲक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाणारा जाड आस, असेल तर तो स्टँडच्या हुकात बसतो का तेही तपासा. उरलेल्या पैशांत चेन मोजायचं गेज आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराइतकाच आवळायचा पाना) आणा. अकरा-बारा गिअरची चेन ०.५ टक्के लांबली की बदलायची, नाहीतर ती कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) खाते, आणि कॅसेट चेनपेक्षा महाग. खरी बचत तिथे आहे. स्टँड स्वतः काही दुरुस्त करत नाही. वर्षाला तुमची चार सर्व्हिसिंग होतात, घरी जमतील दोन. चाकाचा आउट (वाकडेपणा) काढणं, हायड्रॉलिक ब्रेकची हवा काढणं यासाठी कारागीर लागेलच. महागडा स्टँड आठ सर्व्हिसिंगच्या किमतीचा, म्हणजे वसुली चार वर्षांनी, दोन नव्हे.

पुढे कधी पकडीचा घेतलात तर पकड सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांडीवर, बसवा, कार्बनच्या आडव्या नळीवर कधीच नाही. ती दाबाने तडकू शकते. सीटपोस्ट चपटी असेल तर पुढचं चाक काढून फोर्क (ते चाक धरणारा चिमटा) अडकवायचा आणि बॉटम ब्रॅकेटला (पेडलचा आस फिरतो त्या भागाला) खालून आधार द्यायचा, असा स्टँड मिळतो. तुमच्या सायकलला तोच बरा.