पखवाजाची धूम लवकर बसते

प्रश्न : हरिपाठाला पखवाज वाजवतो. अर्ध्या तासात धुमेचा, म्हणजे डाव्या बाजूचा, घुमारा जातो, नुसता ठक्‌ठक्‌ आवाज उरतो. काय चुकतं? – एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : धुमेला लावायची कणीक घट्ट मळता, असं दिसतं. पोळीच्या कणकेपेक्षा सैल, बोटाला जरा चिकटेल अशी हवी. धुमेच्या मधोमध ओलं बोट फिरवा, मग कणीक दाबून बसवा. मध्ये जाड, कडेला पातळ. कमी पडली तर आवाज चढतो, जास्त झाली तर दबतो. थोडी थोडी वाढवत स्वर बघा. आपल्याकडच्या एप्रिलच्या झळांत वर पापुद्रा धरतोच. दोन अभंगांच्या मध्ये पाण्याचं बोट लावा. उजव्या बाजूच्या शाईला (काळ्या गोल थराला) मात्र पाणी नको! वाजवून झालं की कणीक लगेच काढा. वाळल्यावर खरवडाल तर कातडं जाईल.