दहावीतल्या मुलीच्या पिंपल्सवर मेडिकलमधलं क्रीम लावत राहावं का?

ताई, तुमच्या लिहिण्यावरून कळलं ते असं: मुलगी दहावीला आहे, कपाळ आणि गाल पिंपल्सनी भरलेत. मावशीनं सांगितलेली ट्यूब दीड महिना लावली, आठवड्यात चेहरा उजळला, आणि बंद केल्यावर पहिल्यापेक्षा जास्त उठले. आता परत लावावी का, की कुंदा (दुधाची गोड मिठाई) आणि तेलकट बंद करावं?

परत लावू नका. माझं बेळगावात शहापूरला मेडिकल आहे, त्यामुळं ट्यूब न बघताही अंदाज येतोय. तरी बारीक अक्षरातली नावं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड. लाली आणि सूज ते पटकन दाबतं, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. पण तोंडावर लावत राहिलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, लव वाढते आणि त्याच्यामुळंच नवे पिंपल्स येतात. २०१८ पासून ही क्रीमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे. मागणारे तरी येतातच, आणि देणारे आमच्याच धंद्यात आहेत.

बंद केल्यावर काही आठवडे आग, लाली, पुरळ वाढू शकतं. नेमकं तेव्हाच लोक घाबरून परत तीच ट्यूब उघडतात. त्यापेक्षा स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. खाजगी परवडत नसेल तर बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलात त्वचारोगाचा विभाग आहे.

मुळात हे रक्त खराब असल्यामुळं किंवा तोंड नीट न धुतल्यामुळं होत नाही. वयात येताना हार्मोन वाढतात, त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, मेलेल्या पेशींनी रंध्राचं तोंड बुजतं आणि आत अडकलेल्या तेलात जंतू वाढून सूज येते. घासून, लिंबू लावून किंवा टूथपेस्ट थापून ते बुजलेलं तोंड उघडत नाही, उलट कातडी सोलून निघते. दिवसातून दोनदा साध्या फेसवॉशनं धुवायचं, बस्स.

औषधं दोन नेहमीची: बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि अ‍ॅडापालिन. तुमच्या मुलीची कातडी आधीच दुखावलेली आहे, म्हणून कधी सुरू करायचं ते डॉक्टर ठरवतील. अ‍ॅडापालिन रात्री, वाटाण्याएवढं, पिंपल येतात त्या सगळ्या भागावर पातळ लावायचं, नुसतं फोडावर टिपका देऊन उपयोग नाही. सुरुवातीला एक रात्र सोडून लावलं तर जळजळ कमी होते. बेन्झॉइल पेरॉक्साइडनं टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा पडतो, ती तक्रार माझ्याकडं नेहमी येते. जुना पांढरा टॉवेल वापरा. फरक दिसायला दोन-तीन महिने जातात. आठवड्यात गोरं करणाऱ्या क्रीमची सवय झालेल्या घरात हे पचत नाही, पोरी पंधरा दिवसांत ट्यूब फेकून देतात.

कुंद्याचं म्हणाल तर सणासुदीला खाल्लेल्या कुंद्यानं काही होत नाही. रोजचं फार गोड आणि दूध जास्त असेल तर काहींना त्रास वाढतो, करून बघायला हरकत नाही. डोक्याला चप्प तेल लावून झोपत असेल तर मात्र ते थांबवा; कपाळावरच्या बारीक पुटकुळ्या बऱ्याचदा त्यानंच असतात.

फोडू देऊ नका. काळे डाग महिन्यांनी जातात, खड्डे राहतात. आत दुखणाऱ्या गाठी असतील, खड्डे पडायला लागले असतील, किंवा पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील तर परीक्षा संपायची वाट बघत बसू नका. पाळीचं डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि जाताना ती जुनी ट्यूब खोक्यासकट न्या.