बीट घरी कसं शिजवावं आणि खरंच रक्त वाढतं का?

आमच्या लातूरकडं बीट म्हणलं की लोक सालं काढून, फोडी करून थेट पाण्यात टाकतात आणि मग सगळा रंग पाण्यात जातो, ते पाणी फेकून देतात, कसं व्हायचं! साल काढूच नका. देठ दोन बोटं ठेवा, खालची शेपटी पण तशीच राहू द्या, फक्त माती चोळून धुवा आणि कुकरला मध्यम बीट असेल तर 4 शिट्ट्या. गार झाल्यावर अंगठ्यानं दाबलं की साल आपोआप सुटून येती.

मी त्याची कोशिंबीर करते, किसून घट्ट दही, शेंगदाण्याचा कूट, वरून जिरं-हिरवी मिरचीची फोडणी, सोबत ज्वारीची गरम भाकर. दही फोडणी गार झाल्यावरच घाला.

आता रक्ताचं. लाल आहे म्हणून रक्त वाढतं हे काही खरं नाही, 100 ग्रॅममधी लोह 1 मिलीग्रॅमपण नसतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या बंद करून बीटावर बसू नका, प्लीज. पण फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) चांगलं असतं, आणि त्यातल्या नायट्रेटमुळं रक्तवाहिन्या सैल होऊन बीपी थोडं उतरतं.

ऑक्झलेटचे (हा क्षार बीटात बराच असतो) मुतखडे झालेले असतील तर मात्र जपून खा. दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी झाली तर घाबरायचं नाही, काही जणांना होतं तसं, पण बीट न खाता झाली तर लगेच दाखवा.