चॅट्सवर्थ की हार्डविक? बांधकाम बघायचं असेल तर हार्डविकच

ताई, तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये आईबाबांबरोबर एकच दिवस आहे, सगळे चॅट्सवर्थ सांगतायत पण तुम्हाला जुन्या घराचं बांधकाम नीट बघायचंय, तर कुठे जावं. मी डोळे झाकून हार्डविक हॉल सांगेन. चॅट्सवर्थ देखणं आहे, वादच नाही, पण ते पिढ्यान् पिढ्या पाडत, वाढवत, सजवत आलेलं घर आहे. हार्डविक एका बाईनं मनात आणलं, १५९० ते १५९७ मध्ये उभं केलं आणि ते बरंचसं तसंच राहिलं.

ती बाई म्हणजे बेस ऑफ हार्डविक, श्रूजबरीची काउंटेस. चार लग्नं झालेली, चौथा नवरा १५९० ला गेला आणि साठी उलटून गेलेल्या या बाईकडे अफाट पैसा आला. आराखडा त्या काळचा वास्तुकार रॉबर्ट स्मिथसन याचा मानतात. दगड जवळचाच, आणि काचेचा कारखानाही तिचा स्वतःचा होता, म्हणूनच त्या काळात काच इतकी महाग असताना तिला एवढी वापरता आली. 'हार्डविक हॉल, मोर ग्लास दॅन वॉल' अशी म्हणच पडली, भिंत कमी नि काच जास्त.

आता एक विनंती, पोचल्या पोचल्या आत शिरू नका. समोर लांब उभं राहून फक्त खिडक्या बघा. तळमजल्याच्या बुटक्या, मधल्या मजल्याच्या त्याहून मोठ्या आणि सगळ्यात वरच्या सगळ्यात उंच. खाली स्वयंपाकघर आणि नोकरचाकर, मध्ये बेस आणि तिचं घरचं माणूस, आणि वर दरबारी दालनं, राणी आली तर तिच्या इतमामाला शोभतील अशी (एलिझाबेथ राणी शेवटपर्यंत आलीच नाही!). म्हणजे कोणाचा मान किती हे दारात उभ्या माणसाला खिडकीच्या उंचीवरून कळतं, आणि माझ्या मते या घराची सगळी गंमत इथेच आहे. वर सहा मनोरे, त्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेलं ई आणि एस, एलिझाबेथ श्रूजबरी (राणी नव्हे, बेसचंच पूर्ण नाव एलिझाबेथ), आकाशाच्या पाठीवर लांबूनसुद्धा वाचता येतं.

पण एवढी काच लावली तर धुराडी कुठे गेली? ती बरीचशी आतल्या जाड भिंतीत घेतली, म्हणून बाहेरची भिंत मोकळी झाली. आणि दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात म्हणून काही खिडक्या चक्क खोट्या आहेत, बाहेरून काच आणि मागे भिंत. मला तर पहिल्यांदा गेलो तेव्हा कोणी सांगेपर्यंत पत्ताच नव्हता, नंतर दरवेळी त्याच शोधत बसतो.

आत शिरलात की ग्रेट हॉल. जुन्या घरांत हा हॉल दर्शनी भिंतीला समांतर आडवा असायचा, इथे तो समोरून थेट मागेपर्यंत घराच्या मधोमध घातलाय, त्यामुळे घराच्या दोन्ही बाजू तोलून धरता आल्या. इंग्लंडमध्ये तेव्हा हे नवीन होतं.

मग तो दगडी जिना. रुंद, पसरट पायऱ्या, मध्ये झिजून खोलगट झालेल्या, वळत वळत घरातून वर जातात. मेजवानीची ताटं खालच्या स्वयंपाकघरातून याच वाटेनं मिरवत वर जायची. अंधाऱ्या वळणावरून एकदम हाय ग्रेट चेंबरमध्ये, म्हणजे वरच्या मुख्य दरबारी दालनात, आलात की अंगावर उजेड येतो, आणि भिंतीच्या वरच्या भागात गिलाव्यात उठवून रंगवलेलं अख्खं जंगल, झाडं, हरणं, शिकारीची देवता डायना. रंग आता फिके झालेत, तरी मी तिथे दरवेळी मान दुखेपर्यंत उभा असतो. त्यामागे लाँग गॅलरी, सुमारे ५० मीटर लांब, पावसाळी दिवसात फेऱ्या मारायची जागा.

घर टिकलं कारण बेसच्या वंशजांनी, म्हणजे डेव्हनशायरच्या ड्यूकांनी, मुख्य मुक्काम चॅट्सवर्थला ठेवला, त्यामुळे इथे नवीन फॅशनचा हात फार लागला नाही. १९५९ पासून नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे, तिची मेंबरशिप असेल तर तिकीट नाही, चॅट्सवर्थला मात्र ती चालत नाही.

आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर आधीच फोन करून विचारा, कारण खरं बघण्यासारखं सगळं वरच आहे. आणि जमलं तर दुपारनंतर जा, दर्शनी बाजू पश्चिमेची आहे, ऊन उतरायला लागलं की ती सगळी काच एकदम पेटल्यासारखी दिसते.